घोंगडी मुलानंच ओढायची

फाला पार्क, सेक्शन तीन
१२ फेब्रुवारी

गेझानी,

वर "प्रिय" लिहिलेलं नाही. ते घाईत राहून गेलं असं समजू नकोस.

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हा कागद. तुझ्या ड्रायव्हरची मावशी माझ्याबरोबर शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याची उकड ढवळते, तिच्या हातून पाठवते आहे. पाकीट चिकटवलंय. ती फोडायची नाही, आणि फोडलं तरी चष्म्याशिवाय तिला ओ का ठो दिसत नाही.

काम एवढंच आहे. ईस्टरच्या शनिवारी आईच्या थडग्यावरचा दगड उघडायचा. आपल्या चर्चमधल्या सगळ्यांचे तेव्हाच उघडतात, म्हणून आपलाही. दगड मी सांगून आले. तू काही द्यायचं नाहीस, फक्त यायचं आहेस. रीत तुला माहीत आहे. दगडावर घोंगडी घातलेली असते, ती सगळ्यांसमोर मुलानंच ओढायची आणि वर जे कोरलं असेल ते मोठ्यानं वाचायचं. वाचून होईपर्यंत आलेला माणूस पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. पुढं दर ईस्टरला थडगं झाडायला जमतो आपण, तेव्हाही वाचायचं ते मुलानंच. मुलगी जवळ असली तरी तिनं गप्प उभं राहायचं. आईला मुलगा एकच. दुर्दैवानं तो तू आहेस.

मयताच्या दिवशी तू आईचा जीवनवृत्तांत टाईप करून आणला होतास. "सासेकानी माबुंडा, जन्म गियानी, याच मातीची लेक." मी खाली मान घालून ऐकत होते. गियानी म्हणे! आईनं सीमा ओलांडून गियानी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या टाचा फाटून रक्त येत होतं आणि तू तिच्या पाठीवर बांधलेला होतास. चार वर्षांचा घोडा. मी आठ वर्षांची, मी चालत होते. तुला आठवत नसेल, मला पावलापावलाचं आठवतं.

त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही, कारण समोर आई होती. पण नंतर तंबूत तुला एक विचारलं होतं. तुझ्या "आधी घरचे" संघटनेच्या पोरांनी दवाखान्याच्या फाटकातून तिला तीन मंगळवार परत का पाठवलं? ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी जात होती ती. ओळखकार्ड नाही, तर आत नाही. मला घरी येऊन सांगायची, "गोळ्या संपल्यात गं, पुढच्या आठवड्यात ये म्हणाले." मीही म्हटलं, सरकारी दवाखाना, संपल्या असतील. खरं मला मयताला आलेल्या बायकांकडून कळलं. चौथ्या आठवड्यात भांडी घासता घासता खाली बसली ती उठलीच नाही. तोंड एका बाजूला, डोळे उघडे.

तू म्हणालास, "ताई, मी तिथं नव्हतो गं. बाहेरच्या सेक्शनची पोरं, आईला ओळखत नव्हती. चूक झाली."

मी ते गिळलं. अजून घशातच आहे.

येतोस की नाही ते कळव. सूट घाल.

कागदोपत्री तुझी बहीण,
न्येलेती


२७ फेब्रुवारी

गेझानी,

निरोप मिळाला. तंबू तू उभारणार, दोन मेंढ्या तू कापणार, लाऊडस्पीकर तुझा, आणि वर्तमानपत्राचा माणूसही येणार म्हणे. वा! आई जिवंत असताना तिच्या दाराशी तुझी गाडी वर्षातून दोनदा थांबायची, आता तिच्या दगडापाशी तंबू. ये बाबा, आण सगळं. मी नाही म्हणत नाही. मला माणसं जास्तच हवी आहेत.

काल हॉलमध्ये मी मागच्या बाकावर होते. तू पाहिलंस मला. पाहून पाण्याची बाटली उचललीस.

नगरपालिकेनं सभा बोलावली होती, चोरून देशात येणाऱ्यांना आळा कसा घालायचा, लोकांनी सांगावं. लोकांना काय, बोलायला मिळालं की पुरे. सीमेवर दुहेरी कुंपण घाला, वीज सोडा त्यात, असं तो टायरवाला म्हणाला. त्यावर म्हातारे मोकोएना उभे राहिले, खाणीत फुप्फुसं घालवून आलेले. म्हणाले, "आमच्या वेळेला गोरा साहेब सीमेपलीकडून आगगाड्या भरभरून माणसं आणायचा, तेव्हा कुणी कार्ड बघितलं नाही. स्वस्तात राबवणाऱ्या मालकाला आधी आत टाका, कुंपण नंतर बघू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लगेच ती दलादला उठली. तिच्या दोन पोरांना मॅट्रिक होऊन सहा वर्षं झाली तरी काम नाही. ती ओरडली, "टाळ्या काय वाजवता? माझ्या पोरानं दिवसाचं जे मागितलं त्याच्या अर्ध्यात तो मलावीवाला कबूल झाला. मी कुणावर चिडू? मालक मला दिसत नाही, हा माझ्या भिंतीला लागून राहतो!" मला तिचा राग आला नाही. खरं सांगत होती बिचारी.

नर्सबाई म्हणाल्या, "तीनशे माणसांच्या गोळ्या येतात आणि पाचशे माणसं उभी राहतात. मी काय कुटून वाटू?" मागून कुणीतरी म्हणालं, "मग जास्त गोळ्या मागा ना बाई!" सगळे हसले. ते सोडून कुणी काही सुचवलं नाही. परसात खोल्या बांधून परदेशी भाडेकरू ठेवणारी माखुडू, चार पोरींच्या लग्नाचे दागिने केले तिनं त्या भाड्यावर, तीसुद्धा म्हणाली की बाहेरच्यांना हाकला. मग कुणी विचारलं, "तुझ्या खोल्या रिकाम्या होतील की गं." तर म्हणते, "माझेवाले चांगले आहेत."

आणि मग तू उठलास. लाल टोपी, पांढरे बूट. काय आवाज लावतोस रे! "आईचं कार्ड बघा! ज्याची आई इथली तो इथला. पोराचं कार्ड विकत मिळतं, आई विकत मिळत नाही!" हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. एका बाईनं विचारलं, "दादा, दवाखान्याच्या फाटकावर तुमची पोरं म्हाताऱ्यांना परत पाठवतात, ते बरं आहे का?" तू छातीवर हात ठेवलास. "मावशी, आम्ही कसाई नाही. कार्ड नसलेल्यासाठी इथल्या एका जरी माणसानं पुढं येऊन सांगितलं की हा माझा आहे, तर आम्ही सोडतो. नियमच आहे तसा."

मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. पापणीही हलली नाही तुझी.

ईस्टरनंतरच्या सभेत ठराव करणार आहात ना आईच्या कार्डाचा? कर. पण त्याआधी शनिवार येतो.

न्येलेती


१४ मार्च

गेझानी,

आज घाईत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तरी लाव.

मोलेफीची आई आली होती. दवाखान्याच्या फाटकासमोर कढई मांडून मग्विन्या, मैद्याचे गोळे, तळते ती. आमच्याच चर्चची, आईच्या शेजारी बसायची. ती मूळची लेसोथोची, हे तुला माहीत नाही, आणि आता मी लिहिलंय म्हणून तिच्या केसाला जरी धक्का लागला तर मी तुझ्या घरी येऊन तुझ्या बायकोसमोर तुझी सगळी जन्मकथा वाचेन. नीट ऐकलंस? पुढं वाच.

सात महिने गप्प होती. कढईची जागा जाईल म्हणून. मागच्या सभेत तुझा तो छातीवरचा हात बघितला आणि तिला राहवलं नाही. माझ्या ओट्यावर बसली, चहा घेतला नाही, खांद्यावरच्या शालीचं टोक चावत बसली आणि म्हणाली, "न्येलेती, तो तिथं होता गं."

मी म्हटलं, "कोण?"

"तुझा भाऊ. तिसऱ्या मंगळवारी. पेपरवाला फोटो काढत होता त्याचे."

मग तिनं सगळं सांगितलं. आई रांगेतून पुढं आली. फाटकावरच्या पोरानं कार्ड मागितलं. नाही म्हणाली. पोरगं बरं होतं, म्हणालं, "आजी, कार्ड नसू दे. इथलं कुणी तुझं आहे का? मुलगा, मुलगी, कुणीही. नुसतं बोट दाखव, मी विचारतो आणि सोडतो तुला." तू तिथून चार पावलांवर होतास. चार! मोलेफीच्या आईनं पावलं मोजून दाखवली मला ओट्यावर. आईनं तुझ्याकडं पाहिलं. तूही पाहिलंस. आणि मग तुला एकदम फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

आई त्या पोराला म्हणाली, "मला इथं कुणी नाही."

आणि वळली.

मला वाटलं संपलं. मोलेफीची आई म्हणाली, थांब. आई तिच्या कढईपाशी आली. पिशवीतून सुटे काढले, एक मग्विन्या घेतला, पण स्वतः खाल्ला नाही. म्हणाली, "तो लाल टोपीवाला आहे ना, त्याला नेऊन दे. सकाळपासून उभा आहे, काही खाल्लेलं दिसत नाही. मी दिला म्हणू नकोस."

तिनं नेऊन दिला. आणि तू खाल्लास. बोटं चाटलीस, म्हणाली ती.

"मी तिथं नव्हतो गं ताई." ताई म्हणालास मला! मयताच्या तंबूत, हात धरून!

आता माझं ऐक. मी आजच दगडवाल्या सिबियाकडं जाते आहे. जन्म गियानी वगैरे काही नाही. मी खरं गाव कोरणार. सीमेपलीकडचं, मापायजवळचं, जिथं ती जन्मली, मी जन्मले आणि तू जन्मलास. तू ओढायची घोंगडी, तू वाचायचं, तुझ्या लाऊडस्पीकरवरून, तुझ्या पेपरवाल्यासमोर. आईचं कार्ड बघा म्हणतोस ना? बघू दे सगळ्यांना.

तुझं वाटोळं होताना मी पहिल्या रांगेत उभी असेन. लग्नाला शिवतात तसा छापील श्वेश्वे कापडाचा नवा झगा शिवून घेते आहे त्यासाठी.

न्येलेती


३० मार्च

गेझानी,

सात महिन्यांनी ब्लॉक काढलास. आधी मला वाटलं रडायला फोन केलास. छे! तू वकिलासारखा बोलत होतास.

"ताई, मापाय कोरलंस तर माझं जाईल ते जाईलच, तुझंही जाईल. एकाच मुखियाच्या एकाच चिठ्ठीवर आपल्या दोघांची कार्डं झाली. चौकशी आली तर तुझी शाळेतली नोकरी, घर, तुझ्या पोरींची नावं, सगळं. विचार कर."

मी फोन ठेवून दिला, कारण उत्तर म्हणून शिव्याच आल्या असत्या. कागदावर देते.

मी विचार केलेला आहे. तुझ्या आधी केलेला आहे. माझ्या धाकटीची बारावी आहे, कार्ड रद्द झालं तर तिला परीक्षेला बसता येणार नाही, हेही मला माहीत आहे. तू धमकी देतोस ती मी उशाला घेऊन झोपते.

पण तुला एक गोष्ट माहीत नाही, किंवा माहीत असून तू पुसून टाकलीस. गोऱ्यांचं राज्य गेल्यावर सरकारनं सीमेपलीकडच्या युद्धातून पळून आलेल्यांना कागद द्यायचं ठरवलं होतं. सगळे गेले. आपल्या शेजारची न्कुना गेली, तिची सासू गेली. शाळेच्या मैदानात टेबलं मांडली होती. आई रांगेत उभी राहिली, मी तिच्याबरोबर होते, पंधरा-सोळा वर्षांची. टेबलावरच्या बाईनं विचारलं, "कोणत्या साली आलीस? बरोबर किती मुलं होती?" बाईनं पुन्हा विचारलं. मुलं इथंच जन्मली असं मुखियानं आधीच लिहून दिलेलं. आता खरं साल सांगितलं तर आईला कागद मिळणार आणि आपले खोटे ठरणार. आईनं माझा हात धरला आणि आम्ही रांगेतून बाहेर आलो. रस्त्यात म्हणाली, "मला काय करायचाय कागद? मी काय ऑफिसात जाणार आहे?" आणि हसली. पंचवीस वर्षं ती बिनकागदाची राहिली ती तुझ्या-माझ्यासाठी. त्याच कागदावर तू पुढारी झालास आणि त्याच कागदासाठी तिला फाटकातून परत पाठवलंस.

म्हणून आता मला माझ्या कार्डाची भीती घालू नकोस. माझी अडचण वेगळी आहे. ती मी तुला सांगणार नाही.

सिबियाला तू दोनदा फोन केलास, दगडाचा फोटो मागितलास. त्यानं दिला नाही. उघडण्याआधी दगड बघणं अशुभ असतं, असं तुला सुनावलंही म्हणे. मी त्याला मेंढीची मांडी द्यायचं कबूल केलं आहे.

तू येणार नाहीस असा विचारही करू नकोस. एकुलता एक मुलगा आईच्या दगडाला आला नाही, तर "आधी घरचे"मधला कुत्रासुद्धा तुझ्यामागं उभा राहायचा नाही. मला माहीत आहे तू काय करशील. तू येशील, घोंगडी ओढशील, दगडावर मापाय असलं तरी डोळ्याला डोळा न देता गियानी वाचशील, आणि तुझे दोन पठ्ठे लगेच भलं मोठं फुलांचं चक्र गावाच्या ओळीवर टेकवतील. चक्राची ऑर्डर दिलीस ना? फुलवाली माझ्याच सेक्शनमध्ये राहते.

वाच तुला काय वाचायचं ते. ये फक्त.

न्येलेती


१८ एप्रिल

गेझानी,

त्या शनिवारनंतर दहा दिवस लिहिलं नाही. आधी भांडी परत करायची होती, मग पाय सुजले, मग म्हटलं जरा चव घेऊ दे मला.

सकाळी सात वाजता तुझ्या तीन गाड्या आल्या. सूट छान होता. चक्र तर केवढं, दोघांनी धरलेलं! तू माझ्याकडं आलास, सगळ्यांसमोर मिठी मारलीस आणि कानात म्हणालास, "शेवटचं सांगतो ताई, पोरींचा विचार कर." मी तुझी टाय नीट केली. तेव्हाच तुला कळायला हवं होतं की काहीतरी गडबड आहे, कारण मी आयुष्यात तुझी टाय नीट केलेली नाही.

घोंगडी तू ओळखलीस. मी बघत होते. तपकिरी, कडेला पिवळा पट्टा, एका कोपऱ्यात जळलेली. आईच्या पेटीच्या तळाशी होती. त्याच घोंगडीत बांधून आणलं तिनं तुला. तुझा हात तिच्यावर पडला आणि थांबला. मग तू कॅमेऱ्याकडं बघितलंस आणि ओढलीस.

तोंड उघडून तयार होतास तू. गियानी जिभेवर आणून ठेवलं होतंस. चक्रवाले दोघं एक पाऊल पुढं आलेले.

आणि दगडावर गावच नव्हतं. जन्म नाही, साल नाही, बायबलची ओळ नाही. वर सासेकानी माबुंडा, आणि खाली एकच ओळ. सिबियानं मला तीनदा विचारलं होतं, "ताई, एवढंच? लोक दगडावर असलं लिहीत नाहीत." मी म्हटलं, एवढंच, आणि खोल कोर.

माझी अडचण सांगितली नव्हती ना तुला, आता सांगते. १४ मार्चला सिबियाच्या अंगणात मी मापाय म्हणायला तोंड उघडलं आणि मला ती मैदानातली रांग आठवली. माझा हात धरून बाहेर निघालेली आई आठवली. ज्यासाठी ती जन्मभर लपून राहिली ते मी रागाच्या भरात एका शब्दानं मोडून टाकलं असतं. तुझ्यासाठी मी थांबले नाही. तू गेला असतास खड्ड्यात तर मला आनंदच होता. आईनं जपलेलं मोडायला माझा हात झाला नाही. म्हणून सिबियाच्या अंगणात दोन तास बसले आणि तुला पुरेल असं दुसरं काहीतरी शोधून काढलं.

तू उभा. ओठ हलत नाहीत. पाद्रीबाबा वाट बघून बघून म्हणाले, "वाच बाळा, लोक उन्हात आहेत." तू माझ्याकडं पाहिलंस. मी फोन काढला आणि त्यात बघत बसले. तुझ्यासारखीच. मला एकदम काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

मग तू वाचलंस. अगदी पुटपुटलास.

मागून म्हातारे मोकोएना ओरडले, "ऐकू आलं नाही रे! मोठ्यानं!" पाद्रीबाबांनी तुझाच माईक तुझ्या हातात दिला. लाऊडस्पीकर तुझे, चारही कोपऱ्यांत टांगलेले. साऱ्या कब्रस्तानात, पलीकडं टॅक्सीच्या थांब्यापर्यंत तुझा आवाज गेला.

"मला इथं कुणी नाही."

दुसऱ्या शब्दालाच तुझा आवाज फाटला. बायका रडायला लागल्या. त्यांना वाटलं स्तोत्रातलं काहीतरी असेल. दलादला मला म्हणाली, "किती एकटी होती गं बिचारी," आणि माझा खांदा दाबला. पेपरवाल्यानं लिहून घेतलं. कुणाला काही कळलं नाही गेझानी, घाबरू नकोस. तुझं कार्ड शाबूत आहे, माझंही आहे, धाकटी परीक्षेला बसेल. कळलं ते चौघांनाच. तुला, मला, पातेल्याजवळ उभ्या मोलेफीच्या आईला, आणि खाली जी झोपली आहे तिला.

चक्र कुठं ठेवायचं ते त्या दोघांना कळेना. ते धरून तसेच उभे राहिले, लग्नातल्या वाजंत्र्यांसारखे. जेवण तू केलं नाहीस. कब्रस्तानाच्या फाटकातल्या बादलीत हात धुवायलाही थांबला नाहीस, तसाच गाडीत बसलास. थडग्यावरून येऊन हात न धुता घरी गेलास, आता ते सगळं तुझ्याबरोबर घरात आलं असेल. येऊ दे.

मंगळवारी दवाखान्याच्या फाटकावर कुणी नव्हतं. मोलेफीची आई सांगत आली. मला क्षणभर वाटलं, झालं काहीतरी. बुधवारी परत आले. लाल टोप्या सगळ्या होत्या, तू नव्हतास. आणि परवा हॉलमध्ये आईच्या कार्डाचा ठराव आला तेव्हा तुझी खुर्ची रिकामी. तुझा तो सेक्रेटरी म्हणाला, "साहेबांचा घसा बसलाय." मग टायरवाला कुंपणावर बोलला, नर्सबाई गोळ्यांवर बोलल्या, माखुडू म्हणाली माझेवाले चांगले आहेत, आणि ठराव पुढच्या महिन्यावर गेला. तू नसलास तरी त्यांचं चालू राहील, एवढं लक्षात ठेव. तूच चालू करून दिलं आहेस ते. ते बंद करायचं असेल तर तुला फाटकाशी जाऊन, त्या चार पावलांवर उभं राहून, काय बोलायचं ते तुझं तूच ठरव. मी शिकवणार नाही.

काल रात्री तू ड्रायव्हरच्या मावशीजवळ निरोप दिलास, "ताईला सांग, मी रोज तेच ऐकतो." बरं झालं. मी ऐकून घेतला निरोप आणि उकड ढवळत राहिले. माफ केलं असं समजू नकोस. मला जमणार नाही ते. आईनं तुला कधीच माफ केलं होतं, एक मग्विन्या देऊन. घरात एकीनं केलं तेवढं पुरे.

घोंगडी माझ्याकडंच ठेवते. तुला हवी असेल तर मागायला स्वतः ये, गाडी आणि टोपी घरी ठेवून.

आणि ईस्टर दरवर्षी येतो. थडगं झाडायला आपण जमू, चर्चचे सगळे असतील, आणि वाचायचं मुलानंच. पोटातल्या पोटात वाचू नकोस हं. मागच्यांना ऐकू येत नाही.

न्येलेती